ई-सिगारेट आणि मौखिक आरोग्य

ई-सिगारेट हे विजेरीवर चालणारे उपकरण असून त्यातील द्रव तापून त्याचे सूक्ष्म तुषार बनतात व ते तोंडावाटे ओढले जातात. बोलण्यात या उपकरणाला व्हेप आणि ते ओढण्याच्या क्रियेला व्हेपिंग असे म्हणतात. बहुतेक द्रवांत निकोटीन असते. त्याखेरीज प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि स्वादद्रव्ये असतात. हे तुषार फुप्फुसांत पोहोचण्यापूर्वी दात, हिरड्या, जीभ, टाळू आणि गालांचे आतील अस्तर यांच्या संपर्कात येतात. त्यामुळे ई-सिगारेटच्या दुष्परिणामांच्या अभ्यासात मौखिक आरोग्याला महत्त्वाचे स्थान आहे.

तोंड कोरडे पडणे, दातांना कीड लागण्याचा वाढलेला धोका, हिरड्यांचा दाह, तोंडातील जिवाणूंच्या संतुलनात बिघाड आणि अस्तराची जळजळ हे परिणाम विविध अभ्यासांत नोंदवले गेले आहेत. यांपैकी काही परिणाम निकोटीनमुळे होतात, तर काहींना द्रवातील इतर घटक कारणीभूत असतात. म्हणून 'निकोटीनविरहित' अशी चिठ्ठी लावलेला द्रवही तोंडासाठी निर्धोक मानला जात नाही.

ई-सिगारेटचा प्रसार प्रामुख्याने किशोरवयीन मुले आणि तरुण यांच्यात झाला. कायमचे दात याच वयात पूर्ण येतात व ते आयुष्यभर पुरवायचे असतात. झिजलेले दंतवल्क आणि हिरडीच्या विकारामुळे झिजलेले हाड शरीर पूर्ववत भरून काढत नाही. भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर २०१९ पासून बंदी आहे.

पार्श्वभूमी

तंबाखू न जाळता ओढण्याच्या सिगारेटची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांना १९६५ साली अशा उपकरणाचे पेटंट मिळाले होते, परंतु ते बाजारात रुजले नाही. आजच्या ई-सिगारेटचे श्रेय सामान्यतः चीनमधील औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांना दिले जाते. त्यांनी २००३ च्या सुमारास हे उपकरण विकसित केले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ते युरोप व अमेरिकेत पोहोचले.

सुरुवातीची उपकरणे दिसायला सिगारेटसारखी होती. पुढे पेनाच्या आकाराची, टाकी असलेली, संगणकाच्या पेन ड्राइव्हसारखी दिसणारी आणि एकदा वापरून फेकून देण्याची अशी अनेक रूपे आली. उपकरणाचा आकार लहान होत गेला आणि तंबाखूचा ओळखीचा वासही नाहीसा झाला. परिणामी पालक व शिक्षक यांच्या लक्षात न येता ते वापरणे सोपे झाले.

रचना आणि द्रवाचे घटक

ई-सिगारेटमध्ये विजेरी, तापणारी तार, द्रव शोषून धरणारी वात, द्रवाची टाकी किंवा कुपी आणि तोंडात धरण्याची नळी हे मुख्य भाग असतात. झुरका घेताच तार तापते आणि वातीतील द्रवाचे तुषार बनतात. त्यांना सर्रास 'वाफ' म्हटले जात असले तरी ती पाण्याची वाफ नसते. त्यात द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब, निकोटीन, स्वादद्रव्ये, तापवल्यामुळे तयार झालेली फॉर्माल्डिहाइड व अॅक्रोलीन यांसारखी रसायने आणि तारेतून सुटलेले निकेल, क्रोमियम यांसारख्या धातूंचे कण आढळतात. तापमान जितके अधिक, तितके अशा रसायनांचे प्रमाण सामान्यतः वाढते.

प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे पदार्थ खाद्यपदार्थ व औषधांत वापरले जातात. गिळण्यासाठी त्यांना मान्यता असल्याने ते ओढण्यासाठीही सुरक्षित आहेत, असा समज आढळतो. परंतु पोटात गेलेला पदार्थ आणि तापवून दिवसातून शेकडो वेळा तोंड व श्वसनमार्गातून ओढलेला पदार्थ यांचे परिणाम सारखे नसतात.

२०१५ नंतर निकोटीनच्या क्षारांचा वापर वाढला. मूळ स्वरूपातील निकोटीन अल्कधर्मी असून अधिक प्रमाणात ओढल्यास घसा खवखवतो. त्यात बेंझॉइक आम्लासारखे सेंद्रिय आम्ल मिसळल्यास ही जळजळ कमी होते. त्यामुळे पूर्वी कधीही धूम्रपान न केलेल्या व्यक्तीलाही निकोटीनची मोठी मात्रा सहज ओढता येते. युरोपीय संघात द्रवातील निकोटीनची मर्यादा प्रति मिलिलिटर २० मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत लोकप्रिय ठरलेल्या काही कुप्यांत हे प्रमाण ५९ मिलिग्रॅमपर्यंत होते.

तरुणांमधील प्रसार

तरुणांमधील ई-सिगारेटच्या वापराची सर्वांत सविस्तर नोंद अमेरिकेत झाली आहे. तेथील राष्ट्रीय युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार, आधीच्या ३० दिवसांत ई-सिगारेट ओढलेल्या उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांचे प्रमाण २०१७ साली ११.७ टक्के होते. ते २०१८ साली २०.८ टक्के आणि २०१९ साली २७.५ टक्के झाले. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी या वाढीला साथ म्हणून जाहीर केले. २०१९ च्या अखेरीस तेथे तंबाखूजन्य पदार्थांच्या खरेदीचे किमान वय २१ वर्षे करण्यात आले. त्यानंतर वापर घटला व २०२४ साली उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांमधील प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले.

फळे, मिठाई, पुदिना अशा स्वादांचे तरुणांना असलेले आकर्षण, समाजमाध्यमांवरील प्रसिद्धी, मित्रांचा आग्रह आणि 'सिगारेटपेक्षा कमी घातक' ही प्रतिमा ही या प्रसाराची प्रमुख कारणे मानली जातात. मानवी मेंदूचा विकास साधारणपणे पंचविशीपर्यंत चालू असतो. या काळात निकोटीनचे व्यसन लवकर जडते आणि ते सुटणे कठीण जाते. मौखिक आरोग्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की संपर्क लहान वयात सुरू होऊन अनेक वर्षे चालू राहू शकतो.

तोंडावरील परिणाम

लाळ आणि तोंडाचा कोरडेपणा

प्रोपिलीन ग्लायकॉल हा ओलावा शोषून घेणारा पदार्थ आहे. तोंडातील ओलावा तो ओढून घेतो आणि वारंवार वापराने तोंड कोरडे पडते. ई-सिगारेट ओढणाऱ्यांच्या सर्वाधिक आढळणाऱ्या तक्रारींपैकी ही एक आहे.

लाळ हे दातांचे नैसर्गिक संरक्षण आहे. ती अन्नाचे कण धुऊन नेते, आम्लाचा प्रभाव कमी करते, कॅल्शियम व फॉस्फेट पुरवून दंतवल्काची किरकोळ हानी भरून काढते आणि काही जिवाणूंना आवर घालते. लाळ कमी झाल्यास ही सर्व कामे मंदावतात. कोरडेपणामुळे तोंडाला दुर्गंधीही येते. तहान भागवण्यासाठी साखरयुक्त शीतपेये घेतल्यास दातांवरील भार आणखी वाढतो.

दातांची कीड

दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. थरातील सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. हे वारंवार घडल्यास कीड लागते. या प्रक्रियेत स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स या जिवाणूची भूमिका मोठी असते.

ई-सिगारेटचा द्रव गोड आणि दाट असतो. त्यातील ग्लिसरिनचे या जिवाणूंकडून सहजासहजी आम्लात रूपांतर होत नाही. मात्र दाटपणामुळे द्रव दातांच्या खाचांत चिकटून राहतो व जिवाणूंनाही चिकटण्यास मदत होते. २०१८ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गोड स्वादाच्या द्रवांचे तुषार दंतवल्कावर सोडण्यात आले. स्वादरहित द्रवाच्या तुलनेत तेथे स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स चिकटण्याचे प्रमाण चौपट, तर जिवाणूंच्या थराची निर्मिती दुप्पट झाली. काही स्वादांमुळे दंतवल्काचा कठीणपणा २७ टक्क्यांपर्यंत कमी झाला. शर्करायुक्त चिकट मिठाई व आम्लयुक्त पेये यांच्या गुणधर्मांशी या तुषारांचे साम्य असल्याचे संशोधकांनी नमूद केले.

प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदींतही असा संबंध आढळला आहे. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या दंतवैद्यकीय चिकित्सालयात २०१९ ते २०२२ या काळात आलेल्या, १६ वर्षांवरील १३ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. ई-सिगारेट वा तत्सम उपकरण वापरणाऱ्यांपैकी ७९ टक्के रुग्ण कीड लागण्याच्या उच्च धोक्याच्या गटात होते; न वापरणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ६० टक्के होते. मात्र वापर मान्य करणाऱ्या रुग्णांची संख्या १०० हून कमी होती. सामान्यतः कीड न लागणाऱ्या जागी, उदाहरणार्थ पुढील दातांच्या कडांवर, कीड आढळल्याच्या नोंदीही याच विद्यापीठातील दंतवैद्यांनी प्रसिद्ध केल्या आहेत.

हिरड्या आणि हाड

निरोगी हिरडी व दात यांच्यामधील खोबणीची खोली साधारण १ ते ३ मिलिमीटर असते. हिरडीच्या कडेला जिवाणूंचा थर साचला की दाह होतो. ती लाल होते, सुजते आणि दात घासताना तिच्यातून रक्त येते. या टप्प्यावर योग्य उपचार व स्वच्छतेने ती पूर्ववत होऊ शकते. दाह खोलवर पसरला तर खोबणी वाढत जाते, दाताला धरून ठेवणारे तंतू व हाड झिजते आणि अखेरीस दात हलू लागतो. बोलीभाषेत या विकाराला पायोरिया म्हणतात.

निकोटीनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हिरड्यांना होणारा रक्तपुरवठा कमी होतो. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा, की हिरडीला प्राणवायू व रोगप्रतिकारक पेशी कमी मिळाल्याने तिची जखम भरून येण्याची क्षमता घटते. दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. हिरडीतून रक्त येणे ही विकाराची पहिली आणि रुग्णाला स्वतः ओळखता येणारी खूण असते. निकोटीन तीच झाकते. धूम्रपान करणाऱ्यांत ही गोष्ट फार पूर्वीपासून परिचित आहे. वरवर फिकट व घट्ट दिसणाऱ्या हिरडीखाली हाडाची झीज चालू असू शकते. दुखणे नसल्यामुळे तरुण रुग्ण दंतवैद्याकडे उशिरा पोहोचतो.

प्रयोगशाळेतील अभ्यासांत तुषारांच्या संपर्कानंतर हिरडीच्या पेशींमध्ये दाह निर्माण करणाऱ्या द्रव्यांचे प्रमाण वाढल्याचे आणि पेशींची वाढ मंदावल्याचे दिसून आले आहे. यात स्वादद्रव्यांचाही वाटा असतो.

तोंडातील जिवाणूंचे संतुलन

निरोगी तोंडात शेकडो प्रकारचे जिवाणू संतुलनाने राहतात. हिरडीचा विकार होतो तेव्हा हे संतुलन ढळून प्राणवायूविना वाढणाऱ्या जिवाणूंचे प्राबल्य वाढते.

ओहायो राज्य विद्यापीठातील पूर्णिमा कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरडीचा विकार नसलेल्या १२३ व्यक्तींच्या हिरडीखालील जिवाणूंचा अभ्यास केला. तो २०२० साली 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वरकरणी निरोगी असलेल्या ई-सिगारेट वापरकर्त्यांचे जिवाणू-समुदाय पायोरियाच्या रुग्णांमध्ये आढळणाऱ्या समुदायांशी मिळतेजुळते होते. त्यांतील काहींनी ई-सिगारेट ओढण्यास सुरुवात करून जेमतेम काही महिने झाले होते. द्रवात निकोटीन असो वा नसो, हा बदल दिसून आला.

न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली 'एमबायो' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८४ प्रौढांची सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा तपासणी केली. त्यांत सिगारेट ओढणारे, ई-सिगारेट ओढणारे आणि दोन्हींपासून दूर असलेले असे तीन गट होते. ई-सिगारेट ओढणाऱ्यांचा जिवाणू-समुदाय इतर दोन्ही गटांपेक्षा वेगळा होता. मात्र त्याचे साम्य सिगारेट ओढणाऱ्यांशी अधिक होते.

अस्तर, जीभ आणि घसा

गालांच्या आतील बाजूस जळजळ, घसा खवखवणे, तोंड येणे, जिभेची चव मंदावणे आणि टाळूवर दाहाचे चट्टे उमटणे या तक्रारी ई-सिगारेट वापरकर्त्यांत नोंदवल्या गेल्या आहेत. कोरड्या तोंडात कॅन्डिडा या बुरशीचा संसर्गही बळावू शकतो. यांतील बऱ्याच तक्रारी वापर थांबवल्यावर कमी होतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा पांढरा वा लाल चट्टा किंवा न भरणारी जखम असल्यास तिची तज्ज्ञाकडून तपासणी करणे आवश्यक मानले जाते.

स्फोटामुळे होणाऱ्या इजा

ई-सिगारेटमध्ये लिथियम-आयन विजेरी असते. सदोष किंवा अयोग्य रीतीने प्रभारित केलेली विजेरी तापून तिचा स्फोट होऊ शकतो. उपकरण तोंडात असताना असे घडल्यास भाजणे, दात तुटणे, ओठ व टाळू फाटणे अशा इजा होतात. अमेरिकेतील नेवाडा राज्यातील एका १७ वर्षीय मुलाचा खालचा जबडा अशा स्फोटात मोडल्याची नोंद २०१९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाली. अशा घटना विरळ असल्या तरी त्यांचे परिणाम गंभीर असतात.

सिगारेटशी तुलना

सिगारेटमध्ये तंबाखू जळते व धुरात डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगकारक रसायने मोठ्या प्रमाणात असतात. ई-सिगारेटमध्ये ज्वलन होत नसल्याने यांपैकी अनेक रसायनांचे प्रमाण बरेच कमी असते. या कारणास्तव युनायटेड किंग्डममधील आरोग्यसेवा धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या प्रौढांना ई-सिगारेटचा पर्याय सुचवते. कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांनुसार, निकोटीनयुक्त ई-सिगारेटच्या साहाय्याने धूम्रपान सोडणाऱ्यांचे प्रमाण निकोटीनच्या गोळ्या वा पट्ट्या वापरणाऱ्यांपेक्षा अधिक असते.

ही तुलना वर्षानुवर्षे सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांच्या संदर्भातील आहे. ज्या मुलाने कधीही सिगारेट ओढलेली नाही, त्याच्यासाठी तुलना सिगारेटशी नसून स्वच्छ हवेशी होते, आणि त्या तुलनेत ई-सिगारेट ही केवळ नव्या हानीची भर ठरते. सिगारेट व ई-सिगारेट दोन्ही ओढणाऱ्यांना तर दोन्हींचे दुष्परिणाम सोसावे लागतात.

पुराव्यांचे स्वरूप

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक अकादमींनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात मौखिक आरोग्याविषयीचे पुरावे 'मर्यादित' या श्रेणीत ठेवले. धूम्रपान न करणाऱ्यांच्या तोंडातील पेशींना निकोटीनयुक्त व निकोटीनविरहित अशा दोन्ही तुषारांमुळे हानी होऊ शकते, तसेच सिगारेट सोडून पूर्णपणे ई-सिगारेटकडे वळणाऱ्यांच्या हिरड्यांचा विकार कमी होऊ शकतो, असे दोन्ही निष्कर्ष त्यात या श्रेणीत आहेत.

त्यानंतर अभ्यासांची संख्या वाढली असली तरी त्यांतील अनेक अभ्यास प्रयोगशाळेतील पेशींवर किंवा लहान गटांवर झालेले आहेत. अनेक वापरकर्ते पूर्वी सिगारेट ओढत असल्याने दोन्हींचे परिणाम वेगळे काढणे अवघड जाते. मुखाचा कर्करोग बहुधा दीर्घकाळच्या संपर्कानंतर उद्भवतो. ई-सिगारेटचा व्यापक वापर त्या मानाने अलीकडचा असल्यामुळे त्या संबंधाविषयी ठाम निष्कर्ष काढण्यात आलेला नाही.

भारतातील स्थिती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये श्वेतपत्रिका प्रसिद्ध करून ई-सिगारेटवर संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने बंदीचा अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. या कायद्यानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात प्रतिबंधित आहे. कायद्यातील व्याख्येत निकोटीन असलेली व नसलेली अशी दोन्ही उपकरणे, तसेच ई-हुक्का येतो. उत्पादन, व्यापार वा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, तर त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. साठवणुकीच्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वैयक्तिक सेवनासाठी मात्र कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही.

बंदीनंतरही चोरटी आयात व विक्री पूर्णपणे थांबलेली नाही. मे २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कायद्याच्या कडक अंमलबजावणीसाठी सार्वजनिक सूचना प्रसिद्ध केली. चोरट्या मार्गाने मिळणाऱ्या द्रवातील घटक व निकोटीनचे प्रमाण यांवर कोणतीही शासकीय तपासणी नसते.

भारतात मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. गुटखा, खैनी, मावा, सुपारी, तसेच महाराष्ट्रात दातांना लावली जाणारी मिश्री ही त्यामागील परिचित कारणे आहेत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार, भारतातील १३ ते १५ वर्षे वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करत होते. या पार्श्वभूमीवर ई-सिगारेटमुळे जडणारे निकोटीनचे व्यसन हे तंबाखूच्या इतर प्रकारांकडे नेणारी वाट ठरू शकते, हे बंदीमागील एक प्रमुख कारण होते.

निदान आणि काळजी

तरुण रुग्ण बहुधा ई-सिगारेट ओढण्याला 'धूम्रपान' समजत नाहीत. त्यामुळे केवळ "सिगारेट ओढता का?" या प्रश्नाला ते नकारार्थी उत्तर देतात. दंतवैद्याने व्हेप, ई-हुक्का यांची नावे घेऊन, दोष न देता आणि अल्पवयीन रुग्णाची गोपनीयता सांभाळून विचारणा करावी, असे तज्ज्ञ सुचवतात. निकोटीनमुळे रक्तस्राव झाकला जात असल्याने हिरडीच्या खोबणीची खोली मोजणे आणि आवश्यकतेनुसार क्ष-किरण छायाचित्र काढणे महत्त्वाचे ठरते. दात काढल्यानंतर व्हेपिंग केल्यास जखम भरून येण्यास विलंब होण्याची शक्यता असते.

सामान्यतः पुढील काळजी सुचवली जाते :

* ई-सिगारेटचा वापर पूर्णपणे थांबवणे. केवळ चूळ भरल्याने किंवा अधिक वेळा दात घासल्याने तिचे परिणाम टळत नाहीत.
* फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासणे व दातांमधील फटी स्वच्छ ठेवणे.
* कोरडेपणासाठी साधे पाणी पिणे आणि साखरयुक्त पेये टाळणे.
* कीड लागण्याचा धोका अधिक असल्यास दंतवैद्याकडून फ्लोराइडचा लेप लावून घेणे.
* दुखत नसले व रक्त येत नसले तरी नियमित तपासणी करून घेणे. दातांना तारा लावलेल्या मुलांना याची विशेष गरज असते, कारण तारांभोवती थर सहज साचतो.

वापर सोडल्यानंतर हिरड्यांचा रक्तपुरवठा सुधारतो. त्यामुळे सुरुवातीच्या काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त येण्याचे प्रमाण वाढल्यासारखे वाटू शकते. सोडल्यामुळेच हिरड्या बिघडल्या, असा गैरसमज त्यातून होतो. प्रत्यक्षात आधी झाकला गेलेला दाह तेव्हा उघड होत असतो. अशा वेळी हिरड्यांवर उपचार करून घेणे योग्य ठरते.

भारत सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर उपलब्ध आहे. अनेक दंतवैद्यकीय महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रेही चालवली जातात.

इतर देशांतील नियमन

ई-सिगारेटविषयी देशोदेशीची धोरणे भिन्न आहेत. भारताप्रमाणे सिंगापूर, थायलंड आणि ब्राझील येथेही तिच्या विक्रीवर बंदी आहे. ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून ती केवळ औषधांच्या दुकानांतून विकता येते. युनायटेड किंग्डममध्ये १८ वर्षांखालील व्यक्तींना विक्री करण्यास मनाई आहे आणि १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकण्याच्या ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये सर्व देशांना मुलांच्या संरक्षणासाठी तातडीने पावले उचलण्याचे आणि ई-सिगारेटमधील सर्व स्वादांवर बंदी घालण्याचे आवाहन केले.